ओढवतं किती, आवरतं किती

बैलगाडीत किती ओझं घालावं, याचे नियम आपल्याकडे १९६५ सालापासून आहेत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली त्या वर्षी ओढकामाच्या जनावरांसाठी ते काढले गेले. त्यात बैलांचे वजनावरून तीन गट पाडलेत. दोनशे किलोंपर्यंतचा लहान, साडेतीनशेपर्यंतचा मध्यम आणि त्यावरचा मोठा. मोठ्या बैलांच्या दुचाकी गाडीला बॉल बेअरिंग असेल तर १,८०० किलो, हवेचे टायर असतील तर १,३५० आणि यातलं काहीच नसेल तर ९०० किलो. वाटेत लांब आणि उभा चढ असेल तर ओझं निम्म्यावर आणायचं. दिवसभरात नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, सलग पाच तासांहून जास्त जुंपायचं नाही, आणि पारा सदतिसाच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायचीच नाही.

हे नियम कितपत पाळले जातात, ते उसाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस किंवा माढा तालुक्यात कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. उसाची टायरगाडी सहज दोन टनांच्या वर भरलेली असते. पण नियम लिहिणाऱ्यांची नजर पाहण्यासारखी आहे. बैल जास्तीत जास्त किती ओढू शकतो हे त्यांनी विचारलेलं नाही. रोज, सगळ्या वाटांनी, कोलमडून न पडता त्याला किती झेपेल, हे त्यांनी पाहिलं. चढ पाहिला, ऊन पाहिलं, चाकाचं बेअरिंगसुद्धा पाहिलं.

बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि हा प्रश्न विचारायचंच राहून गेलं. बैल थकला की थांबतो, मान टाकतो, तोंडाला फेस आणतो. डिझेल इंजिन असं काही करत नाही. ते धूर सोडतं आणि ओढत राहतं.

राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ सालची. श्रीपूरला बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट तिच्या पाठोपाठ उभी राहिली. मग अकलूजपासून कुमठ्यापर्यंत सहकारी कारखाने आले आणि त्यानंतर खासगी. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी कालव्यांनी फिरलं आणि जिथं ज्वारीशिवाय काही दिसत नव्हतं तिथं ऊस उभा राहिला. आज तीसहून अधिक कारखान्यांची धुराडी या एका जिल्ह्यात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत रात्रंदिवस ऊस रस्त्यावर असतो. त्यातला मोठा वाटा दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांचा.

फडात ट्रॉली कशी भरतात ते एकदा जवळून बघावं. टोळीतले गडी खांद्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात, वर उभा असलेला गडी बुडखे-शेंडे उलटसुलट लावत थर बसवतो. फळक्याच्या वर ऊस गेला की दोन्ही बाजूंना उभे बांबू किंवा लोखंडी खुंट्या लावून थर वर चढत जातात. ड्रायव्हर खाली उभा राहून अंदाज घेत असतो. "मुकादम, आता बास करा की," तो म्हणतो. वरून उत्तर येतं, "अजून एक थर बसतंय की, भाऊ. वाहतूक टनावर हाय, का हेलपाट्यावर?"

या एका वाक्यात सगळं अर्थकारण आलं. तोडणी आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. वाहतुकीचा दर अंतराप्रमाणे बदलतो, पण मोजमाप टनाचंच. डिझेल मात्र खेपेला लागतं, ड्रायव्हरचा पगार दिवसाला लागतो आणि ट्रॅक्टरचा हप्ता महिन्याला. कारखान्याच्या आवारात रांगेत जाणारे तासही खेपेमागेच जातात. वर तोडलेला ऊस वाळतो, म्हणजे उभ्या उभ्या वजन घटत असतं. अशा हिशोबात जो एकेक थर वर चढतो तो निव्वळ नफा वाटतो. वाहतूकदाराला हावरट म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेत टनाला पैसे आणि वेळेला शून्य मोल, तिथं कुणीही हेच करील.

एका थराचं वजन किती, याचा ढोबळ अंदाज करता येतो. चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद ट्रॉली धरा. तिचा तळ साधारण नऊ चौरस मीटर. उभ्या-आडव्या रचलेल्या उसात पोकळी बरीच राहते, त्यामुळे एका घनमीटरात ३५० किलोंच्या आसपास ऊस मावतो. म्हणजे एक फूट उंची वाढली की जवळजवळ एक टन वाढला. आणि हा टन सगळ्यात वर बसलेला असतो. ट्रॉलीच्या चाकांमधलं अंतर वाढत नाही, फक्त गुरुत्वमध्य वर सरकतो. चाकांमधलं अंतर एक मीटर साठ आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर साठवर असेल, तर ट्रॉली एका बाजूला सव्वीस अंश कलेपर्यंत उलटत नाही. तोच मध्य दोन मीटर वीसवर गेला की वीस अंशांनाच कारभार आटोपतो. हा कागदावरचा आकडा झाला. प्रत्यक्षात एका बाजूचा टायर दबतो, पाटे झुकतात, थर सरकतात, त्यामुळे चारीच्या कडेला एक चाक खाली गेलं तरी पुरतं. हंगामात रस्त्याकडेला आडव्या झालेल्या ट्रॉल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच कुणी धडक न देता स्वतःहून आडव्या झालेल्या असतात.

आता ओढण्याचा हिशोब. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेऊ. त्याचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. मागं दोन ट्रॉल्या, प्रत्येकी रिकामी दोन टन आणि तीत नऊ टन ऊस. एकूण झाले चोवीस टन. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकं नुसती फिरती ठेवायला एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो. म्हणजे ४८० किलोंचा. ताशी वीस किलोमीटर वेगानं एवढा जोर लावायला सुमारे पस्तीस अश्वशक्ती खर्च होते. पन्नासाच्या इंजिनाला हे सहज जमतं. ड्रायव्हर एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं टेपचा आवाज वाढवू शकतो, आणि वाढवतोही. (मागून हॉर्न वाजवणाऱ्या एसटीवाल्याला विचारा.)

चढ आला की चित्र पालटतं. तीन टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर तीन मीटर उंची. डोळ्यांना हा चढ वाटतही नाही. रेल्वेवरचे उड्डाणपूल साधारण याच चढाचे असतात. तिथं जोर एकदम १,२०० किलोंवर जातो आणि चाकांपर्यंत पोचणाऱ्या चाळीसेक अश्वशक्तीत वेग ताशी नऊ किलोमीटरवर येतो. इथं इंजिनाआधी टायर कच खाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या दोन टनांपैकी मागच्या धुरीवर सव्वाएक टन असतात. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्या सत्तर टक्के धरली तर ओढ मिळते नऊशे किलोंची. बाकीची भर कुठून येते? ट्रॅक्टर स्वतःच पुढून हलका होतो आणि ते वजन मागच्या चाकांवर टाकतो. म्हणजे पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकलेली राहतात. सुकाणू फिरवलं तरी ट्रॅक्टर वळायला आळस करतो. ओझं आणखी वाढलं, किंवा हूक ठरल्या जागेपेक्षा वर बसवलेला असला, तर ट्रॅक्टर पुढून उठतो. मागच्या धुरीभोवती तो उलटा पडायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं लावतात, मागच्या टायरांत पाणी भरतात. दोन्ही उपाय कंपन्यांच्या पुस्तकातही आहेत. काही ठिकाणी मात्र चढापुरती दोन माणसं बंपरवर बसवतात. याला उपाय म्हणता येणार नाही.

ट्रॉली दुचाकी की चारचाकी, यानंही फरक पडतो. चारचाकी ट्रॉलीची पुढची धुरी फिरती असते, ती आपलं ओझं आपल्याच चाकांवर वाहते आणि दांडीतून फक्त ओढ जाते. दुचाकी ट्रॉलीचं मात्र थोडं ओझं हूकवर बसतं. ते बेताचं असेल तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. पण ऊस पुढे जास्त भरला गेला तर ट्रॅक्टर पुढून हलका होतो, आणि मागे जास्त भरला गेला तर दांडीच हूक वर उचलू पाहते. मग ट्रॉली रस्त्यावर नागमोडी हलू लागते.

याच प्रश्नावर अमेरिकेत एक मोठं शास्त्र तयार झालंय. तिथं लोक पिकअप ट्रकच्या मागं चाकांवरचं घर जोडून सुट्टीला निघतात. आपल्याकडे असं ओढायचं घर विरळाच. महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी अजून ते क्वचितच नजरेला पडतं. अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत ती किती ओढू शकते याचा आकडा ठळक छापलेला असतो. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपापल्या सोयीनं ठरवायची. मग तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं एक सामायिक कसोटी ठरवली. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर, ऐन उन्हाळ्याच्या तापमानात, एसी चालू ठेवून, ठरावीक वेगाखाली न येता ओझं वर नेता आलं पाहिजे. चढ, ऊन आणि दमछाक हे आपल्या १९६५च्या बैलनियमांतलंच त्रिकूट.

पण अनुभवी लोक या आकड्यापाशी थांबत नाहीत. कंपनी दहा म्हणाली तर आठच जोडावं, असा तिथला रिवाज आहे. कारण जाहिरातीतलं वजन ओढण्यापुरतं असतं. घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग गाडीच्या हूकवर बसतो. तीन टनांचं घर असेल तर तीनशे ते साडेचारशे किलो. त्यात बायको-पोरं, सामान, कुत्रं धरलं की ओढायची मर्यादा यायच्या कितीतरी आधी गाडीच्या पाट्यांची मर्यादा संपते. शिवाय बाजूनं मोठा ट्रक गेला की हलकी गाडी आणि जड घर यांत गाडीनं घराला धरून ठेवायचं की घरानं गाडीला फिरवायचं, हे वजनांच्या प्रमाणावर ठरतं. आणि बहुतेक राज्यांत साधारण १,३६० किलोंच्या वर वजन गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. आपली एक भरलेली ट्रॉली अकरा टनांची आहे आणि रस्त्यावरच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत.

म्हणजे चोवीस टन थांबवायची जबाबदारी कुणावर? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ट्रॅक्टरला पुढच्या चाकांना सहसा ब्रेक नसतात. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या पायपट्ट्या असतात, कारण शेतात वळताना एकच चाक धरायचं असतं. रस्त्यावर येताना त्या दोन पट्ट्या खिट्टीनं जोडायच्या, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. खिट्टी विसरली आणि उतारावर पाय एकाच पट्टीवर पडला तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला वळतो आणि मागचे बावीस टन सरळच जाऊ पाहतात. दांडीपाशी गाडी घडी पडल्यासारखी दुमडते.

खिट्टी जोडलेली आहे, ब्रेक उत्तम आहेत, रस्ता कोरडा आहे असं धरू. मागच्या चाकांवरचं वजन जेवढं, त्याच्या सत्तर टक्क्यांहून जास्त रोधजोर टायर देऊ शकत नाहीत. पुन्हा तेच नऊशे किलो. नुसता ट्रॅक्टर ताशी वीसच्या वेगात असेल तर ब्रेक लागल्यापासून साडेतीन मीटरच्या आत थांबतो. चोवीस टनांचा तांडा सपाट रस्त्यावर सत्तावीस मीटर घेतो. तीन टक्क्यांच्या उतारावर सत्तावन्न मीटर. पाच टक्क्यांच्या उतारावर दोनशे मीटरांहून जास्त. सहा टक्क्यांच्या उतारावर तो थांबतच नाही, कारण उताराची ओढ चाकांच्या घर्षणाला आणि ब्रेकला पुरून उरते. ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जी पाच-सहा मीटर पुढे सरकते, ती यात धरलेली नाहीत. आणि हे सगळं वीसच्या वेगाचं. तीसच्या वेगात हीच अंतरं सव्वादोन पटींनी वाढतात.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर या हिशोबातला उरलासुरला आधारही काढून टाकतात. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच चाकांना मागं ओढून धरत असतं.

आता मागची ट्रॉली सोडून द्या. ट्रॅक्टर, एक ट्रॉली आणि नऊ टन ऊस मिळून तेरा टन. सपाटीला अठरा मीटर, तीन टक्क्यांच्या उताराला सत्तावीस, पाच टक्क्यांना चाळीस. जिथं दोन ट्रॉल्यांना दोनशे मीटर लागत होते तिथं एकीला चाळीस. वजन निम्म्याच्या आसपास आलं, अंतर एक पंचमांश झालं. वाहतूकदारांच्या बोलण्यात हा फरक कधी येत नाही, कारण ओढताना तो जाणवत नाही. दोन ट्रॉल्या ओढायला एकीच्या दुप्पट जोर लागतो, एवढंच अंगाला कळतं. थांबवताना हिशोब वेगळ्याच चालीनं जातो.

सोलापूरचा सपाट मुलूख इथं दगा देतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे घाट समोर दिसतो, माणूस आपोआप बिचकतो. इकडे तासन् तास गाडी सपाटीवर चालते, सत्तावीस मीटरांत थांबते आणि ड्रायव्हरची खात्री पटते की चोवीस टन आपल्या हातात आहेत. मग भीमेच्या किंवा सीनेच्या पुलाकडे उतरणारा रस्ता येतो, कालव्यावरचा उंचवटा येतो, उड्डाणपुलाची पलीकडची बाजू येते. उतार दोन-तीनशे मीटरांचाच असतो, पण नेमका त्याच्या पायथ्याशी पूल अरुंद असतो, नाहीतर गावाचा फाटा असतो. कार्तिकी एकादशी हंगामाच्या तोंडावरच येते. तेव्हा पंढरपूरच्या सगळ्या वाटांवर दिंड्या चालत असतात. दिंडीतल्या माणसांना मागून येणाऱ्या गाडीचा आवाज येतो, पण ती किती मीटरांत थांबेल हे कसं कळणार?

तुलनेसाठी ट्रक घ्या. २०१८ साली केंद्रानं धुरीवरच्या वजनांच्या मर्यादा वाढवल्या. तेव्हापासून दोन धुऱ्यांच्या, सहा टायरच्या ट्रकला एकूण साडेअठरा टनांची परवानगी आहे. त्याला सगळ्या चाकांवर एअर ब्रेक असतात. त्याच्याहून साडेपाच टनांनी जड असलेला तांडा आपण दोन चाकांच्या ब्रेकवर सोडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, अशी तरतूद आहे. ट्रॉलीला कायद्यानं ट्रॅक्टरपासून वेगळी नोंदणी लागते आणि तिच्या आरसीवर भरलेलं वजन किती असावं ते लिहिलेलं असतं. हे पासिंगचं वजन आणि काट्यावरचं वजन एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची पद्धत मात्र पडलेली नाही.

मग सुखाचं वजन काढायचं कसं? रोजच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा उतार घ्यायचा. तिथं वीसच्या वेगात, ब्रेक लागल्यापासून तीस मीटरांत गाडी उभी राहिली पाहिजे, अशी अट घालायची. तीस मीटर हा माझा आकडा आहे. तुम्हाला पंचवीस हवे असतील तर आणखी चांगलं. आपल्या पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला, ट्रॉलीला ब्रेक नसताना, सपाटीवर साडेसत्तावीस टन चालतात. तीन टक्क्यांच्या उताराला सव्वाचौदा टन. पाच टक्क्यांना फक्त अकरा. अकरातून ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉलीचे दोन वजा केले की ऊस उरतो सात टन. तीन टक्क्यांच्या वाटेवर एका ट्रॉलीत साधारण दहा टन बसतात, पण दोन ट्रॉल्या जोडल्या तर दुसरीचं रिकामं वजन धरून आठच टन न्यायचे उरतात. म्हणजे उताराच्या वाटेवर दुसरी ट्रॉली जोडण्यात अर्थच राहत नाही.

दहा टन एका ट्रॉलीत भरताना टायरही पाहायचा. ट्रॉलीला बहुधा ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड केलेले टायर असतात. ९.००-२० मापाचा धड टायर दर्जाप्रमाणे दोन-अडीच टन वाहतो. चारांचे झाले आठ ते दहा. रिकामी ट्रॉली धरून बारा टन त्यांच्यावर टाकले तर मधल्या वाटेत फुटणारा टायर नशिबानं फुटला असं म्हणता येणार नाही. फुटलेली ट्रॉली मग रात्रभर अर्ध्या रस्त्यात उभी राहते, मागं चार दगड आणि वाढ्याची पेंढी लावून.

वाहतूकदाराला अर्थातच हा हिशोब परवडणारा नाही, जोवर ट्रॉलीला ब्रेक नाहीत तोवर. सगळ्या चाकांवर मध्यम दर्जाचे ब्रेक बसले तरी तोच चोवीस टनांचा तांडा सपाटीवर दहा मीटरांच्या आत थांबेल आणि पाच टक्क्यांच्या उतारावरही. वळणावर मागची ट्रॉली आत कापत येते आणि दुचाकीवाल्याला कडेला दाबते, तो धोका ब्रेकनं जाणार नाही. फुटभर थर कमी केल्याशिवाय उलटण्याचा धोकाही जाणार नाही. पण ओझं निम्म्यावर आणायची वेळ येणार नाही.

एका बाबतीत सोलापूरचा ड्रायव्हर अमेरिकन प्रवाशाहून नशीबवान आहे. तिथं आपल्या घराचं वजन किती हे कळायला महामार्गावरचा काटा शोधावा लागतो, पैसे भरावे लागतात, आणि बरेच जण तो त्रास घेत नाहीत. इथं प्रत्येक खेपेला भरला काटा होतो, रिकामा काटा होतो आणि पावती हातात पडते. ती पावती पेमेंटसाठी जपली जाते. तिच्यावर लिहिलेला भरल्या गाडीचा आकडा मात्र कुणी वाचत नाही, सगळ्यांची नजर निव्वळ वजनावर असते.

हंगाम सुरू होताना कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. ते चांगलंच आहे, रिफ्लेक्टरनं मागून येणारा वाचतो. पुढं चालणाऱ्यासाठी ब्रेक हवेत. वाहतुकीचे करार पावसाळ्यातच होतात, त्यात उचल ठरते, दर ठरतो. ज्या ट्रॉलीला चालू ब्रेक आहेत तिला टनामागे चार पैसे जास्त, एवढी एक ओळ कारखान्यांच्या संचालकांनी त्या करारात घालावी. सभासदांनी वार्षिक सभेत तेवढं विचारावं.